डावा तीन

पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

प्रिय ताई,

जय भीम.

आम्ही तिघं इकडे बरे आहोत. तुम्ही तिघंही बरे असाल. निधीचा खोकला थांबला का? आईने तिच्यासाठी नाचणीचे लाडू केलेत, ते पत्राबरोबर पिशवीतच आहेत. वरच्या डब्यातले निधीचे, खालच्या डब्यातले भाऊजींचे. हे तुला सांगायला आईने मला चार वेळा बजावलंय.

पत्र बघून तू हसली असशील. शाळेत 'मामास पत्र लिहा' आलं की मी ते ऑप्शनला टाकायचो, आणि घाटकोपरहून मुलुंडला पत्र पाठवणारा माणूस तर मीही अजून पाहिलेला नाही. फोन का नाही केला, ते पुढे येईल.

बाबांचा गुडघा आहे तसाच आहे. डॉक्टरांनी जिना टाळायला सांगितलंय. आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे बाबा डॉक्टरांना टाळतात. रिडेव्हलपमेंटची पुन्हा मीटिंग झाली आणि पुन्हा भांडण झालं. नंदा मावशींनी सेक्रेटरीला सगळ्यांसमोर विचारलं, "लिफ्ट मी असताना येणार, की माझ्या फोटोला हार घालायला वर येणार?" सेक्रेटरी म्हणाले, विषय पुढच्या सभेत घेऊ. मग चहा झाला.

माझं काम ठीक चाललंय. मार्तंडदादाने अंधेरीच्या दुकानात दोन नवीन सिम्युलेटर आणलेत. सीट हलते, स्टिअरिंग हाताला झटके देतं, आणि ब्रेक एवढा कडक की नवीन माणूस दहा मिनिटांत मांडी चोळत उतरतो. लोक येतात ते लहानपणी मॉलमध्ये खेळलेल्या गाड्यांच्या भरवशावर. त्यांना वाटतं, ॲक्सिलरेटर दाबून धरला की झालं. पहिल्याच वळणावर झाडात घुसतात आणि मला विचारतात, "रीसेट कुठंय?" मी सांगतो, इथे रीसेट नाही, रेडिएटर फुटलाय, आता जेवढी चालेल तेवढी चालवा. अर्धे लोक तिथेच पैसे परत मागतात.

गेल्या रविवारी पवईहून एक जोडपं आलं होतं, नलिनी मॅडम आणि त्यांचे मिस्टर. त्यांना जोडीने खेळायचं होतं. मी आपली नेहमीची टेप लावली. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने शेजारी बसून वहीतून रस्ता वाचायचा. वळण डोळ्यांना दिसायच्या आधी कानांना कळलं पाहिजे. प्रत्येक वळणाला नंबर. एक म्हणजे जवळजवळ मागे वळणं, सहा म्हणजे नुसता हात हलवणं. नंबर लहान, तेवढा ब्रेक जास्त. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वही वाचणाऱ्याची. चालवणाऱ्याला काही बदलून हवं असेल तर त्याने तोंडाने सांगायचं, पेन्सिल फक्त वाचणाऱ्याच्या हातात.

तासाभराने बघतो तर मिस्टर मॅडमची वही मांडीवर घेऊन खाडाखोड करतायत. मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारच्या मशीनवरच्या माणसाने गाडी नदीत घातली.

"तिच्या वहीला हात लावायचा नाही."

"अहो, गेम आहे," मिस्टर म्हणाले.

"बरोबर बोलतायत ते," मॅडम म्हणाल्या. "तू काहीतरी लिहून ठेवणार, मी वाचणार आणि शिव्या मी खाणार."

माझे कान तापले. पुढचा अर्धा तास मी काउंटरमागे खाली बसून वायरी गुंडाळत होतो, ज्या आधीच गुंडाळलेल्या होत्या.

ही टेप तुझीच आहे, हे तुला कळलं असेल. त्यातले शब्दसुद्धा तुझे आहेत. मी ते रोज वापरतो.

ताई, आई म्हणाली, तुला हॉस्पिटलच्या ॲम्ब्युलन्स कंट्रोल रूमसाठी परत विचारलंय. सोमवारपर्यंत सांगायचं आहे, आणि तू नाही म्हणणार आहेस. यावेळी नाही म्हटलंस तर पुन्हा विचारणार नाहीत, असंही म्हणाली. मला वाटतं तू हो म्हणावंस. नाही, मला नुसतं वाटत नाही. तू हो म्हटलंच पाहिजेस. का, ते मला माहीत आहे आणि तुला माहीत नाही.

एवढं लिहून मी उठलो. पाणी प्यायलो. गॅलरीत जाऊन आलो. बाबांच्या गुडघ्याला तेल लावून दिलं, जे मी एरवी कधी लावत नाही. बाबांनी फक्त पत्राच्या रिकाम्या पाकिटाकडे बोट दाखवलं. म्हणून परत बसलोय.

तुला मॉलमधलं ते लाल मशीन आठवतं? बाबा पगाराच्या रविवारी न्यायचे आपल्याला. माझे पाय पोचायचे नाहीत, म्हणून मी सीटवर आणि तू खाली पायापाशी बसून हाताने पेडल दाबायचीस. मी वरून ओरडायचो, "दाब, दाब, सोड." तुला पडदा दिसायचाच नाही. मी मुद्दाम भिंतीवर घालायचो, गाडी हवेत तीन गिरक्या घ्यायची आणि पुन्हा रस्त्यावर येऊन उभी राहायची. तू खालून विचारायचीस, "काय झालं रे?" मी सांगायचो, "पहिले आलो." तुला ते बरीच वर्षं खरं वाटत होतं.

मग गल्लीतल्या सायबर कॅफेत कीबोर्डवर रॅली. मग मार्तंडदादाकडे खरं स्टिअरिंग, खरी पेडलं, आणि असे रस्ते की ओली माती आणि कोरडी माती यांत फरक पडतो. तिथे माझी वाट लागली. गेममधला शेजारी बसलेला माणूस घाईघाईत इंग्रजीत वळणं सांगायचा, आणि लेफ्ट-राइटचा अर्थ माझ्या डोक्यात पोचेपर्यंत गाडी दरीत. बाबा म्हणायचे, "माणसं रस्त्यावर चालवतात, आमचा भिंतीवर चालवतो आणि तिथेही ठोकतो." तू एका शनिवारी ड्यूटी संपवून मला घ्यायला आलीस, पाच मिनिटं मागे उभी राहिलीस आणि म्हणालीस, "त्याला गप्प कर. मी सांगते ना मराठीत."

दोनशे पानी वही आणि मऊ पेन्सिल. "डावा तीन, आत नको. पूल. उजवा पाच, लांब. उडी. मग लगेच डावा दोन." त्याच रस्त्यावर, तुझ्या आवाजात, मी एकोणीस सेकंद आधी पोचलो. मार्तंडदादा तेव्हा म्हणाला होता, "तुझ्यापेक्षा ही ड्रायव्हर आहे, तू नुसता हातपाय आहेस." मी हसलो होतो. हसताना थोडं लागलंही होतं. हे मी आज पहिल्यांदा कुणाला सांगतोय.

तुझं एक तत्त्व होतं. गाडी सुरू असताना विचार करायचा नाही. विचार आधी करून वहीत ठेवलेला असतो, त्या वेळी फक्त पानावर आहे ते वाचायचं. मला ते कंटाळवाणं वाटायचं. आता मी तेच विकून पोट भरतो.

आता बोरिवली. जानेवारी दोन हजार तेवीस. जोड्यांची स्पर्धा, मोठा हॉल, दोनेकशे माणसं, मागे भिंतीएवढा पडदा. फायनलला आपण आणि विकी-शीतलची जोडी. शेवटचा एक रस्ता उरला होता आणि आपण जेमतेम पुढे होतो. जिंकणारी जोडी पुढच्या फेरीसाठी चेन्नईला जाणार होती. मी चेन्नईसाठी बॅग आधीच बघून ठेवली होती.

त्या रस्त्यावर दगडी पुलानंतरचं वळण. त्यावरून आपलं दोन दिवस चाललं होतं. तू तीन लिहिला होतास, मला चार हवा होता.

"चार होतो ताई, मी रिप्ले बघितलाय."

"रिप्लेत रस्ता कोरडा आहे. फायनलला त्यांनी पाऊस लावलाय. तीन."

"अगं, अर्धा सेकंद मिळतो."

"आणि कठडा कोण देणार, तुझा मार्तंडदादा? तीन म्हणजे तीन, मिथू. वाद नको घालू."

मग तू डबा खाऊन हात धुवायला गेलीस. वही टेबलावर होती. पेन्सिल वहीत, खोडरबर तुझ्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात.

मी खोडलं, ताई.

तीन खोडून चार मी केला. घाईत नाही केला. तुझा चार तू वरून जरा जास्त उघडा ठेवतेस. तो हुबेहूब जमेपर्यंत मी मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पाच-सहा वेळा गिरवला. मग पानावर काढला. मग खोडरबराचा चुरा फुंकला. तू परत आलीस आणि ओले हात माझ्या मानेला लावून म्हणालीस, "चल, उडव."

का केलं, हे मी तीन वर्षं स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हेने समजावत आलोय. खरं कारण एवढंच आहे. मनात चार धरून मी नुसताच चालवू शकलो असतो, तुझ्या तीनकडे दुर्लक्ष करून. मी सरावात ते करून बघितलं होतं. जमलं नाही. तू तीन म्हणालीस की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा, मी ठरवलं तरी उठायचा नाही. तुझ्या आवाजाविरुद्ध मला गाडी चालवताच येत नव्हती. म्हणून मला चार तुझ्याच तोंडून ऐकायचा होता. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती, ती मी तुझ्या आवाजातून चोरली.

आणि तू अडखळलीस. "पूल. डावा..." आणि अर्धा श्वास थांबलीस. मला तो अर्धा श्वास नीट ऐकू आला. मला तेव्हाच कळलं की तुला तीन आठवतोय. तरी तू पानावर होतं ते वाचलंस, कारण तुझं तसं तत्त्व होतं. "चार."

पुढचं सगळ्यांनी बघितलं. गाडी पुलावरून सुटली, ओल्या रस्त्यावर आडवी झाली आणि कठड्यावरून गेली. मोठ्या पडद्यावर नुसतं आभाळ, मग झाडं, मग आभाळ. लोक हसले. तो माइकवाला माझ्यापाशी आला, "काय झालं भावा?" आणि मी म्हणालो, "वाचणारीचं चुकलं. तीनचा चार वाचला."

मी विचारही केला नाही. ते तोंडाशी तयारच होतं.

तू वहीत बघितलंस. वहीत चार होता. मग हळू आवाजात मला विचारलंस, "मी तीन लिहिलं होतं ना रे?"

मी म्हणालो, "मला काय माहीत? वही तुझी."

ताई, मी इथे पुन्हा थांबलो होतो. आई विचारते, एवढं काय लिहितोयस. मी म्हटलं, दुकानाचं आहे.

त्या व्हिडिओचा तुकडा मग सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. महिनाभर बिल्डिंगची पोरं जिन्यात तुला बघून "डावा चार" म्हणायची, आणि तूही त्यांच्याबरोबर हसायचीस. तू वही मागितलीस, एकदा बघते म्हणालीस. मी सांगितलं, रागाच्या भरात तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली. टाकली नव्हती. ती दिवाणाखाली, माझ्या कॉलेजच्या बॅगेत आहे. होती. आज ती या पिशवीत आहे, लाडवांच्या खाली, प्लॅस्टिकमध्ये.

फेब्रुवारीत तू मला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेलीस. "डोळे तपासते, तीन आणि चारमध्ये घोळ होतोय म्हणजे काहीतरी आहे." मी आलो तुझ्याबरोबर. त्या माणसाने तुला बारीकातल्या बारीक ओळी वाचायला लावल्या आणि तू सगळ्या वाचल्यास. तो म्हणाला, "मॅडम, डोळे एकदम फर्स्ट क्लास, नंबरच नाही." तू तपासणीच्या खोलीतून बाहेर आलीस आणि म्हणालीस, "डोळे चांगलेत, म्हणजे डोकंच गेलं माझं." मी फ्रेमचा तो फिरता स्टँड फिरवत होतो. एक फ्रेम घालून आरशात स्वतःला बघितलंही. तिथे सांगता आलं असतं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

मग तू शेजारी बसणं सोडलंस. मी चार-पाच वेळा बोलावलं, तेही नीट नाही बोलावलं. तू येणार नाहीस याची खात्री करूनच बोलावलं.

मग कंट्रोल रूमचं पहिल्यांदा आलं. तुझ्या मॅट्रनबाईंनी हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या सगळ्यांतून तुला निवडलं होतं, कारण गर्दीत, रडारडीत, तू पत्ता एकदाच आणि नीट सांगतेस. घरी पेढे आणले होते बाबांनी. आणि तू पेढ्याचा बॉक्स बंद करत म्हणालीस, "नको. ऐन वेळी माझं वाचायचं चुकतं. ॲम्ब्युलन्सवाल्याला उलट्या गल्लीत घातलं तर? तिथे काय गाडी परत रस्त्यावर येणार आहे?" आई म्हणाली, "अगं, तो पोरांचा खेळ होता." तू म्हणालीस, "खेळातच कळलं ते बरं." मी तोंडात पेढा घेऊन बसलो होतो. तो मी गिळला.

मी गप्प का राहिलो, याचं एक कारण तुला कधी कळलं नसतं. मार्तंडदादाने मला कामावर ठेवलं ते त्या हरण्यामुळेच. "बिचारा, बहिणीमुळे हुकला, नाहीतर चेन्नईला असता," असं तो गिऱ्हाइकांना सांगतो. अजून सांगतो. मी शेजारी उभा असतो आणि मान खाली घालतो. लोकांना वाटतं, नम्र आहे.

तरी कदाचित मी आणखी दहा वर्षं असाच राहिलो असतो. पण गेल्या महिन्यात तुझ्याकडे आलो होतो, निधीला ताप होता. तू औषधाची बाटली हातात घेतलीस, वरचं वाचलंस, मग भाऊजींना हाक मारलीस. त्यांच्याकडून वाचून घेतलंस. मग बाटली फिरवून पुन्हा त्यांच्याकडून वाचून घेतलंस. भाऊजी मला म्हणाले, "तुझ्या ताईला स्वतःचाच भरवसा नाही, प्रत्येक वेळी असंच." सहज म्हणाले, प्रेमाने. तू निधीला चमच्याने पाजत होतीस आणि तुझा हात अगदी स्थिर होता. मी त्यानंतर पाच मिनिटांत निघालो. अंधेरीत काम आहे म्हणालो. काम नव्हतं.

आणि परवा आईने हे सोमवारचं सांगितलं. मग आज सकाळी मी बाबांना सांगितलं.

बाबांना आधी का, तर त्यांना सांगणं सोपं वाटलं. ते ओरडतील, मग संपेल, असा हिशेब होता. ते ओरडले नाहीत. टीव्ही बंद केला. बराच वेळ गुडघ्यावर हात फिरवत बसले. मग म्हणाले, "एकतीस वर्षं बेस्टची गाडी चालवली. लहानमोठ्या ठोकल्याही. चौकशीला उभा राहिलो, पण कंडक्टरवर कधी ढकललं नाही. आणि तू बहिणीवर ढकललंस."

मी म्हटलं, "आज फोन करून सांगतो तिला."

"फोन नको. फोनवर तू दोन वाक्यं बोलशील, ती हसेल, म्हणेल जाऊ दे, आणि तू सुटशील. लिही. सगळं लिही. मी घेऊन जातो."

"तुमचा गुडघा..."

"गुडघ्याचं तू नको बघू."

म्हणून उद्या सकाळी बाबा येतील, तिसऱ्या मजल्यावरून उतरून, बसने, ही पिशवी घेऊन. पत्र बंद करून त्यांच्या हातात देतोय, म्हणजे मला ते परत घेता येणार नाही. त्यांनाही ते ठाऊक आहे. त्यांना बसायला ती उंच खुर्ची दे.

आता तू एक कर. भाऊजींना हाक मारू नकोस. वही एकटीने उघड. खूण घातली आहे त्या पानावर, वरून सहावी ओळ. पान खिडकीकडे तिरकं धर. तू पेन्सिल दाबून लिहितेस, त्यामुळे खोडलं तरी तीनचा खळगा गेलेला नाही. चारच्या खाली तो स्पष्ट दिसतो. बोट फिरवलंस तर बोटालाही लागतो. मग मागचा पुठ्ठा उघड. तिथे सहा चार आहेत. पहिले तीन माझे वाटतात, शेवटचे तीन तुझे वाटतात. ते सगळे माझे आहेत.

तू तीन लिहिला होतास. तुला तीन आठवत होता. पुलावर तुझा श्वास अडकला तो बरोबर जागी अडकला. दोन दिवस मी तुझ्याशी भांडलो तरी तू बदलला नव्हतास. आणि पानावर होतं तेच तू वाचलंस. त्या दिवशी त्या हॉलमध्ये एकाच माणसाने आपलं काम नीट केलं, ती तू होतीस. अशा माणसाला कंट्रोल रूममध्ये बसवायचं नाही तर कुणाला बसवायचं? सोमवारी हो म्हण. माझ्याशी बोलायचं की नाही याचा त्याच्याशी संबंध लावू नकोस. आधी हो म्हण.

मार्तंडदादाला मी उद्या दुपारी सांगणार आहे, बाबा तुझ्याकडे पोचल्यावर. रॅलीच्या जुन्या ग्रुपवरही टाकणार आहे, पानाच्या फोटोसकट. तुझ्याआधी कुणाला कळू नये म्हणून थांबलोय. दुकानातलं काम राहील की जाईल, माहीत नाही. नलिनी मॅडम रविवारी पुन्हा येणार आहेत. त्यांना टेप कुणी दुसऱ्याने लावावी, असं मला वाटतं.

एवढ्यावर संपवणार होतो. खाली सहीपण केली होती, ते पान फाडलं. एक गोष्ट राहिली आहे. ती बाबांनाही सांगितलेली नाही.

त्या दिवशी हॉलबाहेर तू रसवंतीवर दोन ग्लास सांगितलेस. मी माझा प्यायला लागलो. तू तुझा हातात तसाच धरून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मिथू, माझ्यामुळे गेलं रे तुझं. दोन वर्षं राबलास. मला माफ कर."

मी ग्लास पूर्ण संपवला. तोंड पुसलं. आणि म्हणालो, "जाऊ दे ताई. केलं माफ."

तू तिथे रस्त्यात रडलीस. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि मला त्या वेळी खरोखर बरं वाटलं, आपण किती मोठ्या मनाचे आहोत असं. मी ते वाटणं विसरलो नाही. त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त तेच आठवतं, खोडरबराहूनही जास्त.

या एवढ्या लांब पत्रात मी कुठेही तुझी माफी मागितलेली नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. दोन-तीनदा लिहून खोडली. आपल्या दोघांत आजवर एकानेच माफी मागितली, ती तू. आणि ती मी घेतली, वर उपकार केल्यासारखी घेतली. आधी ती तू परत घे. ती घेतलीस असं तुझ्याकडून कळेपर्यंत मला माझी मागायला तोंड नाही.

निधीला पापा. भाऊजींना जय भीम.

तुला माफ करून बसलेला,
मिथुन